कर्ज आणि पहिला पगार : परिचर्या-शिक्षणाचा हिशेब

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली. संयोजकांनी मला शाळेच्या आठवणी सांगण्याची आज्ञा केली होती. आठवणी सांगणारे माझ्याहून अधिकारी वक्ते येथे पुष्कळ आहेत. माझे आयुष्य मात्र रुग्णालयात आणि परिचारिकांच्या वर्गात गेले. निवृत्तीनंतरही दर वर्षी जून-जुलैत आपल्या शाळेतील कोणी ना कोणी पालक माझ्या दारी येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सिस्टर, मुलीला नर्सिंगला घालायचे आहे. बँक कर्ज देते म्हणते. घ्यावे का?" त्या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांसमक्ष द्यावे, असे मला वाटले. कारण या प्रश्नाचे मी एकदा चुकीचे उत्तर दिले आहे, आणि त्या चुकीची किंमत एका मुलीने मोजली आहे.

प्रथम माझ्या काळाविषयी थोडेसे. १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत भंडारा, नागपूर, वर्धा या बाजूंनी जी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांपैकी आमचे एक. वडील कोक ओव्हनमध्ये कामाला होते. मी परिचारिका व्हायचे म्हटले तेव्हा नातेवाइकांनी नाके मुरडली. "मुलीची जात, रात्रपाळी करणार?" असे एक काका म्हणाले. वडिलांनी शांतपणे उत्तर दिले, "रात्रपाळी मीही करतो. मी भट्टी सांभाळतो, ती माणसे सांभाळील." त्यानंतर आमच्या घरी हा विषय कोणी काढला नाही.

दुर्गहून पॅसेंजरने मी नागपूरला गेले आणि तेथील शासकीय रुग्णालयाला जोडलेल्या परिचारिका शाळेत दाखल झाले. वडिलांनी माझ्यासाठी कर्ज काढले नाही, कारण कर्जाची गरजच नव्हती. राहणे वसतिगृहात, जेवण मेसमध्ये, आणि हातात थोडे विद्यावेतन. त्या मोबदल्यात आम्ही वॉर्डात राबत होतो, हे खरे. पण शिकून बाहेर पडले तेव्हा माझ्या नावावर एका पैशाचेही देणे नव्हते.

त्याही आधीचा काळ आठवून पाहा. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि तेथून विधवा व गरजू स्त्रिया परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. त्यांच्या शिक्षणाचा भार समाजाने, देणगीदारांनी उचलला. आमच्या पिढीचा भार सरकारने उचलला. आजच्या मुलीचा भार मात्र बहुतेक वेळा तिच्या आईबापांवर आणि तिच्या स्वतःच्या भावी पगारावर पडतो. शिक्षण तेच, सेवा तीच. खर्च करणारा हात बदलला. हा बदल लक्षात न घेता आम्ही जुनी माणसे सल्ले देत राहतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

माझाही तसाच झाला. काही वर्षांपूर्वी दोन मुली, दोघी आपल्याच शाळेच्या, एकाच आठवड्यात माझ्याकडे आल्या. दोघींचे वडील ठेकेदाराकडे कामाला. कारखान्यातील कायम नोकऱ्या एकेकाळच्या तुलनेत किती घटल्या आहेत, हे या सभागृहातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. पहिलीला परराज्यातील एका खासगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळत होता. मी तिच्या वडिलांना म्हटले, "शिक्षणाच्या कर्जाला भिऊ नये. नर्सला नोकरीची ददात नसते." दुसरीला गुण कमी होते, तिला शासकीय संस्थेत जीएनएमची जागा मिळाली. तिची मी थोडी समजूतच घातली, "असू दे, पदविका तर पदविका."

नर्सला नोकरीची ददात नसते, हे माझे वाक्य खोटे नव्हते. ते अपुरे होते. नोकरी मिळेल, पण किती पगाराची, आणि त्या पगारातून हप्ता जाऊन हातात काय उरेल, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

आता तो हिशेब आपण मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; प्रत्येकाने आपले आकडे घालून पुन्हा मांडावेत. समजा, चार वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षी दीड लाख, असे सहा लाखांचे कर्ज घेतले आणि व्याज दहा टक्के आहे. बँकेचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होतो. पालकांना वाटते, तोवर काही नाही. पण व्याजाचे मीटर पहिल्या दिवसापासून फिरत असते. या मुदतीत ते सरळ व्याज असते, हा दिलासा. तरी पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे मिळून २ लाख १० हजार रुपये साचतात. ते मुद्दलात मिळवले जातात. म्हणजे मुलगी पहिला हप्ता भरते तेव्हा देणे सहा लाख नसून ८ लाख १० हजार असते. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १०,७०० रुपये. लहान खासगी रुग्णालयात तिला १८ हजार पगार मिळाला असे धरले, तर उरतात सात हजार तीनशे. त्यात खोलीचे भाडे, जेवण, रात्रपाळीचे येणेजाणे, आणि घरी काही पाठवण्याची आशा.

त्या पहिल्या मुलीचे हेच झाले. दीड वर्ष तिने ओढले. पुढे दुसरीकडे जाण्याची संधी आली तेव्हा मूळ प्रमाणपत्रे संस्थेकडे अडकलेली निघाली; शेवटच्या वर्षाचे काही शुल्क बाकी होते म्हणे. हप्ते थकले. कर्जात वडील सहकर्जदार होते, त्यामुळे त्यांचीही पत गेली आणि धाकट्या भावाच्या आयटीआयनंतरच्या शिक्षणाला बँकेने नकार दिला. आईच्या पाटल्या विकून प्रमाणपत्रे सोडवली. आज ती मुलगी काम करते आहे, उत्तम परिचारिका आहे. पण तिची उमेदीची पाच वर्षे हप्त्यांच्या तारखा मोजण्यात गेली. तिच्या वडिलांनी मला कधी बोल लावला नाही. त्यामुळेच मला ते अधिक लागले.

दुसऱ्या मुलीची गोष्ट फार चमकदार नाही. तिने वसतिगृह आणि पुस्तकांपुरते लहान कर्ज घेतले. तीन वर्षांत पदविका झाली. ती शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयात लागली. एम्सची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. सरकारी नोकरी तिला अजून मिळालेली नाही. पण कर्ज फिटले आहे, भावाचे शिक्षण ती करते आहे, आणि नोकरीत राहून पुढच्या दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.साठी पैसे साठवते आहे. पदवी तिलाही मिळेल. थोडी उशिरा, पण स्वतःच्या कमाईतून.

यावरून पदविका चांगली आणि पदवी वाईट, असा अर्थ कृपया काढू नका. शासकीय महाविद्यालयातील पदवी मिळत असेल तर तिच्यासारखे दुसरे काही नाही. रायपूरच्या एम्समध्ये परिचर्येची पदवी अत्यल्प शुल्कात होते. तिच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षेची तयारी अकरावीपासून करावी. राज्यातील बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा व्यापम घेते. तिचा अर्ज चुकवू नये. माझे म्हणणे इतकेच, की कोणता अभ्यासक्रम हे ठरवण्यापूर्वी तो किती कर्जात पडतो हे पाहावे, आणि ते कर्ज पहिल्या पगाराच्या काट्यावर तोलावे. दहाव्या वर्षीचा पगार, परदेशातला पगार किंवा शेजारच्या मुलीला मिळालेला सरकारी पगार त्या काट्यात घालू नये.

मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. मासिक हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावा. दहा वर्षांच्या फेडीचा आणि दहा टक्क्यांचा हिशेब केला, तर याचा अर्थ असा होतो की हप्ते सुरू होताना व्याजासह असलेले एकूण देणे पहिल्या मासिक पगाराच्या अठरा पटींत बसावे. पगार १८ हजार, तर देणे सव्वातीन लाखांपर्यंत. अठरा पट, एवढा एक आकडा घरी घेऊन जा.

कोणी म्हणेल, सिस्टर, तुम्ही पगार फारच कमी धरता. केंद्र सरकारच्या नर्सिंग ऑफिसरला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीलाच मूळ वेतन ४४,९०० रुपये आहे. अगदी खरे. त्या पगारावर १०,७०० चा हप्ता चौथ्या हिश्शाच्या आतच बसतो. पण त्या जागा मोजक्या आणि परीक्षेला बसणाऱ्या अगणित. ती नोकरी मिळाली तर ईश्वराची कृपा. ती मिळेलच असे धरून कर्ज काढणे म्हणजे पाऊस पडेल म्हणून आधीच नांगर विकणे होय. खासगी रुग्णालयांतील वेतनाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी निर्देश दिले आणि त्यानुसार नेमलेल्या समितीने शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही ते दरमहा २० हजारांहून कमी नसावे, असे त्यांत होते. अंमलबजावणी राज्यांवर राहिली. शिफारशीवर हिशेब मांडू नका. प्रत्यक्ष हातात पडणाऱ्या रकमेवर मांडा.

आपले काही माजी विद्यार्थी अमेरिकेत आहेत, आजही येथे उपस्थित आहेत. त्यांना हा प्रश्न परका नाही. तेथे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊनही मुलगी परिचारिकेच्या त्याच परवाना-परीक्षेला बसू शकते, जिला चार वर्षांची पदवीधर बसते. नोंदणीकृत परिचारिकांचे मध्यम वार्षिक वेतन तेथे २०२३ साली सुमारे ८६ हजार डॉलर होते. तरीही तेथील विचारी घरे स्वस्त कॉलेजातून दोन वर्षांची पदवी, मग नोकरी, आणि मग नोकरीत राहून पुढची पदवी, हाच मार्ग धरतात. एवढा पगार असलेल्या देशात जर लोक पायरीपायरीने चढतात, तर आपण एकदम उडी का मारावी?

आता प्रवेश घेण्यापूर्वी विचारावयाचे काही प्रश्न. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्याच्या परिषदेची मान्यता या वर्षासाठी आहे का, आणि पदवी असेल तर विद्यापीठाची संलग्नता आहे का? मुली शिकाऊ म्हणून कोणत्या रुग्णालयात जातात, तेथे खाटा किती, आणि त्या भरलेल्या असतात की कागदावरच असतात? शुल्काबरोबर गणवेश, बस, वसतिगृह, परीक्षा, नोंदणी असे सारे मिळून शेवटपर्यंत किती, हे लेखी मिळेल का? मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणार का, शिक्षणानंतर तेथेच काम करण्याचे बंधपत्र आहे का? आणि शेवटचा प्रश्न कार्यालयात विचारू नका. फाटकाबाहेर उभे राहून गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या मुलींना विचारा : बाळ, आता कुठे आहेस, आणि हातात किती येतात?

पहिली नोकरीही डोळसपणे निवडावी. एम्सच्या परीक्षेला पदविकाधारक मुलगी बसू शकते, पण तिला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. घराजवळच्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये दोन हजार रुपये अधिक मिळतात म्हणून गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. दोन वर्षांनी त्यांच्या हाती अनुभव असतो, पण मोजला जाईल असा नसतो.

कर्ज घ्यावेच लागले तर बँकेत संकोच सोडून विचारावे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सामान्यतः घरदार तारण ठेवावे लागत नाही. केंद्राची २००९ पासूनची व्याज-अनुदान योजना वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. संस्थेच्या मान्यतेविषयी अटी असल्यामुळे ही चौकशी प्रवेशाच्या आधी करावी, नंतर नव्हे. छत्तीसगढ शासनाचीही अल्प उत्पन्नाच्या घरांसाठी उच्च शिक्षण कर्जावरील व्याज-अनुदानाची योजना आहे. तिच्या चालू अटी बँकेत विचाराव्यात.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून मला राहवत नाही. कर्जाचा विषय निघाला की आपल्याच घरांत एक प्रश्न हमखास येतो : "लग्नानंतर हप्ता कोण भरणार?" मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी गावाकडचे शेत गहाण टाकताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढतानाही कोणी पगाराचा काटा आणत नाही. त्या कर्जाला पगार नसतो, सवलत नसते आणि त्यातून काही उगवतही नाही. मी हिशेब करा म्हणते, तो मुलीला मागे ओढण्यासाठी नव्हे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरे. पण मुलींचे अंथरूण आखूड शिवणारे आपणच असतो. हप्ता मुलगीच भरील, स्वतःच्या पगारातून भरील, आणि ते सोयरिकीच्या बैठकीत मान वर करून सांगावे. परिचारिकेची नोंदणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येते. ती सासरी नागपूरला गेली काय आणि पुण्याला गेली काय, तिची विद्या तिच्याबरोबर जाते. हप्ता मात्र तिला पेलेल एवढाच असावा, ही जबाबदारी आपली.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. एखाद्या मुलीने जीएनएमसाठी दर वर्षी एक लाख, असे तीन लाख घेतले, तर हप्ते सुरू होईपर्यंत दहा टक्क्यांनी ९० हजार व्याज साचते. देणे ३ लाख ९० हजार होते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५,१५० रुपये. १८ हजारांच्या पगाराला तो माझ्या नियमात बसत नाही. अठरा पटींची मर्यादाही ओलांडली जाते. पण ते व्याज वेळच्या वेळी कोणी भरले तर देणे तीन लाखांवरच राहते, हप्ता ३,९६५ पर्यंत उतरतो, आणि तो नियमात बसतो. शिवाय शिक्षण चालू असतानाच व्याज भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरातही थोडी सूट देतात. हे व्याज किती? पहिल्या वर्षी महिना सुमारे ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, पुढची दोन वर्षे २,५००. एका मुलीसाठी चार वर्षांत मिळून ९० हजार. चार जणांनी मिळून एक मुलगी घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी महिना पाचशे रुपयेही येत नाहीत.

सेवासदनाच्या काळी समाजाने संपूर्ण भार उचलला होता. आपल्याला निदान व्याजाचा भार उचलता येईल. शाळेच्या हीरक महोत्सवाची आठवण म्हणून असा एक व्याज-निधी उभारावा, अशी माझी व्यवस्थापन समितीला नम्र सूचना आहे. एका मुलीच्या चार वर्षांच्या व्याजाची रक्कम मी आजच कार्यालयात जमा करून आले आहे. ते दान नाही. काही वर्षांपूर्वी न केलेल्या हिशेबाची ती परतफेड आहे.

ज्या शाळेने मला बेरीज-वजाबाकी शिकवली, त्या शाळेसमोर उभे राहून तीच बेरीज-वजाबाकी पुन्हा करून दाखवण्याची संधी मिळाली, याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे. हे ऋण मात्र कितीही मोठे असले तरी मला पेलते.